दोन्ही हातांत चहा

आईवडिलांचं ऋण कुणी मोजत नाही. ते सोडून मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी आहे असं मला कुणी विचारलं, तर मी आमच्या केंद्रप्रमुख साहेबांचं नाव घेतो. नाव घेतो म्हणजे नुसतं 'आमचे केंद्रप्रमुख' एवढंच म्हणतो. देगलूर तालुक्यातल्या आमच्या भागात तेवढं पुरतं. त्यांच्या आधीही त्या पदावर माणसं होती, नंतरही आली, पण समोरचा हमखास विचारतो, "कोण, कव्हरवाले का?" आणि हसायला लागतो.

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा जिल्हा परिषद शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. बहुतेक अधिकारी हजेरी बघायचे, तांदळाची पोती बघायचे, वरून आलेली माहिती खाली द्यायचे आणि खालची वर. आमचे साहेबही हे करायचे, पण मुंज उरकावी तसं उरकून टाकायचे. त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता.

अंगानं ते उंच आणि जरा पुढे वाकलेले. जुन्या मोपेडवर बसले की दोन्ही गुडघे हँडलच्या बाहेर यायचे. बारा महिने कानाला मफलर. हँडलला नायलॉनची पिशवी. शाळेत आले की आधी खुर्ची भिंतीपासून ओढून दाराशी घ्यायचे आणि मग बसायचे. बसले की प्रश्न ठरलेले.

"मशीन कुठाय?"

त्या वर्षांत शाळाशाळांत टीव्ही, टेपरेकॉर्डर, कुठं कुठं संगणक येऊन पडले होते. आले त्या दिवशी त्यांची पूजा व्हायची, हळदीकुंकू लागायचं, स्वस्तिक निघायचं, आणि धूळ बसू नये म्हणून कव्हर चढायचं. एका शाळेत मी त्यांच्यासोबत होतो, तेव्हाचं संभाषण मला तोंडपाठ आहे.

"नारळ कधी फोडला?"

"पंधरा ऑगस्टला, साहेब."

"आन् त्याच्यानंतर?"

मुख्याध्यापकांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्याच्यानंतर कव्हर घातलं, साहेब."

"चावी कुणापाशी हाय?"

मुख्याध्यापकांनी अभिमानानं कमरेला हात लावला. साहेबांनी मान डोलावली, उठले, टीव्हीवरचं कव्हर काढलं, नीट घडी घातली आणि पिशवीत टाकलं. ते मखमलीचं होतं, त्याला जरीचा काठ होता आणि ते मुख्याध्यापकांच्या मंडळींनी स्वतः शिवलं होतं.

"साहेब, ते घरचं आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"मॅडमला सांगा, लई सुरेख शिवलंय. वाया जाणार न्हाई."

वाया गेलंही नाही. देगलूरच्या बसस्टँडवर एका हॉटेलात पोऱ्या जरीकाठाच्या मखमलीनं टेबल पुसत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साहेब जमवलेली सगळी कव्हरं तिथं देऊन टाकायचे. वाईट एवढंच की ते मुख्याध्यापकही चहा प्यायला त्याच हॉटेलात यायचे.

खुर्ची दाराशी का ओढता, असं मी त्यांना एकदाच विचारलं. ते मूळचे लातूरच्या दक्षिणेकडच्या गावचे. भूकंप झाला तेव्हा तिथल्याच एका शाळेवर मुख्याध्यापक होते. आता त्याला आठ-दहा वर्षं होऊन गेली होती.

"भिंत पाठीमागं आली की मला ऐकू कमी येतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या शाळेत एक टेपरेकॉर्डर आला होता. भारी वस्तू. पोरं खराब करतील म्हणून मी पेटीत ठेवला. पेटीला कुलूप, चावी माझ्या करदोड्याला. शाळा पडली. दगड काढले तवा पेटी निघाली. आत टेपरेकॉर्डर नवा कोरा. बटण दाबलं तर वाजला बी."

"मग?"

"मग काय. ऐकायला निम्मी पोरं न्हाईत."

त्यांनीच विषय बदलला. आमच्या शाळेच्या घंटेचा हातोडा दोरीनं का बांधला नाही, तो रोज शोधावा लागतो का, असं विचारलं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील लातूरला डाळमिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. नोकरी लागली ती देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावात. तिथं मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली आणि माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या सर्वांची तब्येत एकाच आठवड्यात बिघडली. वैद्यकीय दाखले आले. अशा रीतीनं मी लहान वयात प्रभारी मुख्याध्यापक झालो.

शाळेत तीन संगणक आले. मी दर रविवारी नांदेडला जाऊन संगणकाचा कोर्स केलेला होता. मला वाटलं, आपण शिकलो, आता शाळेला त्याचा फायदा करून द्यायचा. मी खोलीचं कुलूप काढलं, कव्हर तर घातलंच नव्हतं. वेळापत्रक लावलं. प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदा संगणक खोलीत यायचा. मी संगणक चालू करायचो, मीच माउस धरायचो, मीच समजावून सांगायचो, मीच बंद करायचो. वर्गशिक्षक मागं उभे राहून "गप बसा रे" म्हणायचे. शिक्षकांना त्रास नको, अशी माझी मनापासूनची भावना होती.

गावात नाव झालं. त्या दिवसांत गावोगावच्या भिंतींवर लातूर-नांदेडच्या क्लासच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या. जमीन विकून पोराला लातूरला ठेवणारे पालक आमच्याही गावात होते. आमच्या शालेय समितीचे अध्यक्ष येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लातूरला कशाला जाता, लातूर पॅटर्न आपल्या सरांनी इथंच आणलाय." मला ते ऐकून बरं वाटायचं.

साहेबांना या क्लासेसचं मोठं कुतूहल होतं. लातूरला एकदा ते पालक असल्याचं सांगून एका क्लासमध्ये जाऊन बसून आले. आल्यावर मला म्हणाले, "मंगल कार्यालयाएवढा हॉल हाय. मास्तरनं कॉलरला माईक लावलाय. शेवटच्या बाकड्यावरचं पोरगं बी लिहून घेऊन राहिलं. मी लई खूश झालो."

"तुम्ही क्लासवर खूश, साहेब?"

"माईकवर. तिथं शेवटचं पोरगं लांब हाय म्हणून माईक हाय. तुमच्याकडं शेवटचं पोरगं कुठं बसतं, ते आधी बघा. मग सांगा कोणतं मशीन पाहिजे."

आमच्या शाळेतलं शेवटचं पोरगं पहिलीत बसायचं. गावातल्या निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. पहिलीत येणाऱ्या पोरांना मराठी समजायची नाही. त्यांना जवळ घेऊन, त्यांच्या तेलुगूचा धागा धरून मराठीत आणणारं माणूस शाळेत एकच होतं, पहिलीच्या बाई. बाई देगलूरच्या. रोज एसटीनं यायच्या. नोकरीची शेवटची चार वर्षं राहिलेली. त्यांच्या वर्गात जूनमध्ये मुकी बसलेली पोरं दिवाळीपर्यंत एकमेकांच्या चहाड्या मराठीत सांगायला लागायची.

सगळ्या शिक्षकांनी संगणकाचं प्रशिक्षण घ्यावं असा आदेश आला आणि बाई नांदेडला गेल्या. तिथं कोवळ्या वयाचा एक प्रशिक्षक होता. त्यानं "माउस वर न्या" म्हटल्यावर बाईंनी माउस उचलून हवेत धरला. प्रशिक्षक हसला. मग सगळा हॉल हसला. त्यात बाईंचे दोन जुने विद्यार्थीही शिक्षक म्हणून बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी?" मी म्हणालो. "तुमच्या वर्गाचं संगणकाचं सगळं मी करतोच ना. तुम्ही हातसुद्धा लावू नका."

"तेच म्हणते मी, सर," बाई म्हणाल्या. "सगळं तुम्हीच करता. मग मी कशाला पाहिजे?"

मला वाटलं रागात बोलल्या. अर्ज मी पुढे पाठवला नाही. बाई रोज विचारायच्या, "पाठवला का?" मी रोज म्हणायचो, टपाल गेलं नाही. पण असं किती दिवस चालणार. बाई गेल्या तर पहिलीच्या पोरांशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं. असं झालं की पोरं घरी बसतात, आणि एकदा बसली की बकऱ्यांमागं जातात.

साहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही.

"संगणक कोण चालवतं?"

"मीच, साहेब. सगळ्या वर्गांचं मीच बघतो."

"आन् तुम्ही आजारी पडला तर?"

"मी पडत नाही, साहेब."

"बैठकीला गेला तर?"

"त्या दिवशी संगणकाचा तास ठेवत नाही."

साहेबांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "दोन चहा सांगा," ते म्हणाले. "कप काठोकाठ भरून. बशी नको."

चहा आला. मला वाटलं एक त्यांचा आणि एक माझा. त्यांनी एक कप माझ्या उजव्या हातात दिला, दुसरा डाव्या हातात. मग ते उठून थेट पहिलीच्या वर्गात गेले. मी दोन कप सांभाळत मागं.

"बाई," ते दारातून म्हणाले, "तुम्हाला शिकवायला आलो न्हाई. मी ह्या सरांना शिकवायला आलोय. ह्यांना एक खोड लागलीय. तुम्ही जरा मदत करा. पोरांना घेऊन संगणकापाशी बसा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. थोडंसं हसू पण आलं असावं.

संगणक सुरूच होता, चित्र काढायची पाटी पडद्यावर उघडलेली. सगळी पहिली खाली सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. साहेबांनी मला बाईंच्या खुर्चीमागं उभं केलं.

"बोलायचं न्हाई. सांडायचं न्हाई," ते म्हणाले आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बाहेरचं लिंबाचं झाड बघत राहिले.

"साहेब, चहा तुम्ही घेणार ना?"

"मी चहा पीत न्हाई."

बाईंनी माउस धरला. त्यांना घर काढायचं होतं. पण माउस हाताचं ऐकत नव्हता, आणि पडद्यावर सरळ भिंतीऐवजी एक लांबलचक वाकडी रेघ उमटत गेली, खाली, वर, पुन्हा खाली. बाईंच्या मानेवर घाम आला. मी पुढे वाकलो. "बाई, डावं बटण जरा—" एवढं तोंडातून निघालं आणि डाव्या हातातला चहा माझ्या अंगठ्यावर सांडला. पोरं हसली. साहेबांनी झाडाकडचं लक्ष काढलं नाही.

तेवढ्यात पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "पामू."

मग सगळी सतरंजी म्हणायला लागली, "पामू, पामू."

बाई थांबल्या. त्यांनी ती रेघ नीट पाहिली. खरंच तो साप होता. त्यांचा आवाज बदलला, म्हणजे त्यांचा वर्गातला आवाज परत आला.

"हाव, पामू. आन् मराठीत काय म्हणायचं?"

पोरं पुन्हा म्हणाली, "पामू."

"साप." बाई उठल्या, फळ्यावर 'साप' लिहिलं, परत येऊन सापाला एक डोळा काढला. डोळा शेपटीकडं पडला. पोरांनी तक्रार केली. बाईंनी तोंडाकडं दुसरा काढला. आता साप दोन्हीकडून बघायला लागला. वर्ग खूश झाला. आतापर्यंत मी त्याच पडद्यावर त्यांना सिंह, मोर, आगगाडी, सगळं रंगीत दाखवलं होतं, पण एवढा आवाज मी त्या खोलीत ऐकला नव्हता.

आणि लाईट गेली. संगणकाखालची बॅटरी टीं टीं करून ओरडायला लागली. बाईंनी तव्यावरून ओढावा तसा हात मागं घेतला.

"मी काही नाही केलं," त्या म्हणाल्या.

मला सगळं माहीत होतं. चित्र जतन करायचं, चार-पाच मिनिटांत संगणक रीतसर बंद करायचा. माझ्या ओठांवर आलं होतं. साहेबांनी पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे पाहिलं.

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. मग वर बघितलं. "पंखा थांबला," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे लाईट गेली. म्हणजे हे माझ्यामुळं नाही."

पहिलीची पोरं बाई जे म्हणतील ते त्यांच्यामागून म्हणतात, अशी त्यांना सवय असते. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हे माझ्यामुळं नाही."

बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पडदा काळा झाला, साप गेला, पोरं "पामू कुठं गेला" म्हणून पडद्याच्या मागं बघायला लागली. कप थंड झाले होते, वर साय आली होती.

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "सर, किती बारी बोलावंसं वाटलं?"

"लई बारी, साहेब."

"तेवढ्या बारी त्या शिकल्या. आता प्या. थंड झाला, पण तुमचाच हाय."

मी दोन्ही कप प्यायलो.

त्या दिवशी त्यांनी मला एक काम लावून दिलं. रोज एक तास पहिलीचा वर्ग मी घ्यायचा आणि त्या तासाला बाई संगणक खोलीत एकट्या बसणार. दार लोटलेलं. कुणी डोकवायचं नाही, मीही नाही. "मशीन सगळे देतात," साहेब म्हणाले. "मास्तरला तास कुणी देत न्हाई. आन् चुका करायला तर कोपरा बी देत न्हाई."

पहिलीचा वर्ग घेणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी "बसा" म्हणालो की निम्मी उठायची. एकानं खडू खाल्ला. एकजण तेलुगूत काहीतरी कळवळून सांगत होता. मी "शाब्बास" म्हणालो, आणि मग कळलं की त्याला लघवीला जायचं होतं. आठवडाभरात माझा घसा बसला. शेजारच्या खोलीत बाई काय करत होत्या, मला माहीत नव्हतं. दार लोटलेलंच असायचं. अर्ज अजून माझ्याकडेच होता. बाई आता "पाठवला का" असं विचारत नव्हत्या, पण "पाठवू नका" असंही म्हणत नव्हत्या.

साहेब महिन्याला सगळ्या मुख्याध्यापकांची बैठक घ्यायचे. इतर ठिकाणी अशा बैठकीत कोणत्या शिक्षकाला काय येत नाही याची चर्चा असते. साहेबांनी ती बंद केली. प्रत्येक मुख्याध्यापकानं उभं राहून सांगायचं, या महिन्यात तुमच्या शाळेतल्या कोणत्या शिक्षकाकडून तुम्ही काय शिकलात. पहिल्या बैठकीत एकजण म्हणाले, "साहेब, माझ्या शाळेत मला शिकवण्यासारखं कुणी नाही."

"मग अर्ज करा," साहेब म्हणाले. "जिथं कुणी हाय तिथं तुमची बदली मागू."

पुढच्या महिन्यात त्यांच्या शाळेत त्यांना शिकवणारे दोघं निघाले.

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून सांगितलं, की पहिलीच्या बाईंकडून मी गप्प राहायला शिकून राहिलो, अजून नीट जमत नाही. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मान डोलावून "पुढचे" म्हटलं.

त्याच वर्षी ते निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे राहायला गेले. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. आम्ही शाल आणली तर म्हणाले, "मला कव्हर घालू नका." मोपेड एसटीच्या टपावर चढवली, आणि स्वतः आत दाराजवळच्या सीटवर बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी त्यांना एक पत्र पाठवलं. त्याची नक्कल मी ठेवली आहे. ती अशी :

मा. साहेब,

सा. न. वि. वि.

आपण लातूरला सुखरूप पोचलात हे कळलं. मोपेडचा आरसा वाटेत फुटला म्हणतात, खरं का?

बाईंबद्दल कळवायचं आहे. सोमवारी मला नांदेडला जिल्हा परिषदेत बैठकीला जावं लागलं. एसटीत बसल्यावर आठवलं की आज पहिलीचा संगणकाचा तास आहे आणि तो रद्द करायचा राहून गेला. वाटेत नरसीला उतरून परत फिरावं असं मनात आलं. उतरलो नाही. बैठकीत काय झालं ते विचारू नका, माझं तिथं लक्ष नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाईंना विचारलं, काल तास झाला का. झाला, म्हणाल्या. काही अडलं का? अडलं होतं, म्हणाल्या. मग काय केलं? सुटलं, म्हणाल्या, आणि वर्गावर गेल्या. काय अडलं आणि कसं सुटलं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुपारी त्या ऑफिसात आल्या आणि टेबलावरचा अर्ज बघून म्हणाल्या, हा कागद अजून इथंच का, टेबल आवरत जा सर. मी तो त्यांच्या समोरच फाडला.

आज चौथीचे सर त्यांच्याकडे संगणक शिकायला बसले होते. मी दारापर्यंत गेलो. बाईंनी मला पाहिलं, पण आत बोलावलं नाही. मी ऑफिसात परत आलो. हातात काही काम नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आपला,
मुख्याध्यापक